टॉवर म्हणतोय खाली, मशीन म्हणतंय वर: पायलटनं ऐकायचं कुणाचं?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. भाचा पायलटच्या परीक्षेचा अभ्यास करायलाय, सध्या मुक्काम आमच्याकडं, त्यामुळं जेवायला बसलं तरी विमानंच. काल टीकॅसचा विषय निघाला. म्हणजे दोन विमानं एकमेकांच्या अंगावर यायला लागली की कॉकपिटमधलं यंत्र आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हणून सावध करतं, आणि तरी अंतर कमी होत राहिलं तर सरळ हुकूमच देतं, ‘क्लाइंब’ नाहीतर ‘डिसेंड’. इथपर्यंत सगळ्यांचं जमलं. वाद पुढं झाला. समजा त्याच वेळी खालून कंट्रोलरनं नेमकं उलटं सांगितलं तर काय करायचं? भाचा म्हणतो यंत्राचं ऐकायचं, विचारच करायचा नाही. आमचे आबा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, ते म्हणतात ज्याला सगळ्या गाड्या दिसतात त्याचं ऐकायला पाहिजे, ड्रायव्हरला फक्त समोरचा रस्ता दिसतो. मला दोघांचंही पटायलंय म्हणून इथं टाकतोय. जाणकारांनी सांगा.

शेंगाचटणी
आबांना मेंबर करून घ्या की ओ इथं! माझं मत आबांना.

नवीपेठवाला
माझं पण आबांनाच. मशीनला काय कळतंय बे, आमच्या गाडीचा रिव्हर्स सेन्सर पाऊस पडला तरी ओरडतो.

रडारमामा
मी एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी केली, रिटायर होऊन आता जुळे सोलापुरात आलोय. आबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, इथं भाचा बरोबर आहे, आणि हे मी कंट्रोलर असून सांगतोय.

आबांचा मुद्दा एरवी शंभर टक्के खरा आहे. विमानं एकमेकांपासून लांब ठेवणं हे कंट्रोलरचंच काम, टीकॅसचं नाही. पण टीकॅसनं चढ किंवा उतर असा हुकूम दिला, ज्याला आरए म्हणतात, याचा अर्थच असा की कंट्रोलरच्या हातून काहीतरी निसटलंय किंवा कुणीतरी चुकलंय. मग ज्याच्या हातून निसटलं त्यालाच परत विचारण्यात शहाणपण आहे का? शिवाय कंट्रोलरला सगळं दिसतं हे पण अर्धंच खरं. रडारचं चित्र काही सेकंदांनी बदलतं, त्यात दिसणारी उंची थोडी मागची असते. टीकॅस शेजारच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रेडिओवर कळवणाऱ्या यंत्राला, साधारण दर सेकंदाला विचारत असतं, तू कुठं आहेस, किती उंचीवर आहेस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायलट तोंडानं सांगेपर्यंत आम्हाला खाली कळतच नाही की वर यंत्रानं काय हुकूम दिलाय. आम्ही आमच्या परीनं प्रामाणिकपणे ‘खाली या’ म्हणत असतो आणि यंत्र म्हणत असतं ‘वर जा’.

म्हणून नियम असा आहे की पायलटनं ‘टीकॅस आरए’ एवढं म्हटलं की कंट्रोलरनं त्या विमानाला कसलाही बदल सांगायचा नाही. ‘रॉजर’ म्हणायचं आणि हात मागं घ्यायचे. ते ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे धोका टळला, असं म्हणून आपल्या जुन्या उंचीवर परत येईपर्यंत.

नवीपेठवाला
मामा, पण दोन्ही विमानांत मशीन आहे ना? दोन्ही मशीननी ‘वर जा’ म्हटलं तर? आमच्या नवी पेठेतल्या बोळात समोरून माणूस आला की मी डावीकडं सरकतो, तो पण त्याच बाजूला सरकतो, मग मी उजवीकडं, तो पण तिकडंच.

अक्कलकोटचा_एफओ
वा, दादा, तुम्ही नेमका मुद्दा पकडला. त्याची सोय यंत्रातच केलीय.

मी ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात बोलतात. पहिल्यानं ‘मी वर चाललो’ ठरवलं की ते लगेच दुसऱ्याला कळवतं, ‘तू वर येऊ नकोस’. दुसऱ्याला मग खालीच जायला सांगितलं जातं. दोघांनी अगदी एकाच क्षणी एकच दिशा निवडली तर? प्रत्येक विमानाच्या ट्रान्सपॉन्डरचा एक कायमचा नंबर असतो, ज्याचा नंबर लहान त्याचा निर्णय राहतो, दुसरा बदलतो. तिथं मानापमान नाही, चर्चा नाही.

आता यातूनच कळेल की हुकूम मोडणं एवढं वाईट का. मी आरएच्या विरुद्ध गेलो तर मी फक्त माझ्या यंत्राचं ऐकलं नाही असं होत नाही, समोरच्या विमानातला माणूस ज्या भरवशावर खाली चाललाय तो भरवसा मी मोडतो. तो त्याच्या यंत्राचं इमानदारीनं ऐकून माझ्याच अंगावर येतो. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर हेच झालं.

वैशाली_सैफुल
युबरलिंगेनबद्दल जरा सविस्तर लिहा ना. नाव ऐकलंय फक्त.

रडारमामा
मी लिहितो. आमच्या ट्रेनिंगमध्ये हा विषय इतक्या वेळा झालाय की वेळ सेकंदासकट पाठ आहे.

रशियाचं तुपोलेव १५४, त्यात सुट्टीला स्पेनला निघालेली शाळेची मुलं. दुसरं मालवाहू बोइंग ७५७, आत फक्त दोन पायलट. दोन्ही ३६,००० फुटांवर, रस्ते एकमेकांना छेदणारे. आकाश जर्मनीचं पण तो भाग झुरिकचा कंट्रोल सांभाळायचा. तिथं रात्री एकटा माणूस दोन स्क्रीनवर काम करत होता, जोडीदार विश्रांतीला गेलेला, मुख्य टेलिफोन देखभालीसाठी बंद, टक्कर होऊ शकते असा इशारा स्क्रीनवर दाखवणारी सोय पण त्या कामामुळं पूर्ण चालू नव्हती. कार्ल्सरूहच्या जर्मन कंट्रोलरांना टक्कर होणार हे दिसत होतं, ते फोन लावत होते, लागत नव्हता.

रात्री ११ वाजून ३४ मिनिटं ४९ सेकंदांना त्यानं तुपोलेवला सांगितलं, खाली या. सात सेकंदांनी दोन्ही विमानांतली यंत्रं बोलली. तुपोलेवला ‘क्लाइंब’, बोइंगला ‘डिसेंड’. बोइंगवाले यंत्राचं ऐकून उतरायला लागले. तुपोलेवच्या कॉकपिटमध्ये को-पायलट म्हणाला पण की हे वर जायला सांगतंय. तेवढ्यात कंट्रोलरनं परत सांगितलं, लवकर उतरा, शिवाय दुसरं विमान उजवीकडं आहे म्हणून सांगितलं, होतं ते डावीकडं. ते उतरत राहिले. ११:३५:३२ ला ३४,८९० फुटांवर धडक. ७१ माणसं गेली.

नुसतं यंत्राचं ऐकलं असतं तर एक वर गेलं असतं, एक खाली.

शेंगाचटणी
अरेरे. त्या लेकरांचं वाचून पोटात कालवलं. मगाशी गंमत केली ती राहू दे बाजूला.

दत्ता_हातमाग
सगळं वाचलं. पण मला त्या रशियन पायलटला दोष द्यावासा वाटत नाही. त्याला शिकवलंच तसं असणार ना, की टॉवरचं ऐक म्हणून. आमच्या पिढीत वरच्याचं ऐकायचं हेच शिकवायचे.

रडारमामा
दत्ताअण्णा, एकदम बरोबर, आणि तपासात पण हेच आलं. तेव्हा त्यांच्या पुस्तकांतच गोंधळ होता, टीकॅस हे कंट्रोलरला मदत म्हणून आहे असा अर्थ निघेल असं लिहिलेलं. आंतरराष्ट्रीय नियम पण पुरेसा ठाम नव्हता, तो युबरलिंगेननंतर ठाम केला, की कंट्रोलरची सूचना आणि आरए यांत विरोध असेल तर आरएच पाळायचा. वाईट वाटतं ते याचं की दीड वर्ष आधी जपाननं जगाला उदाहरण दाखवलं होतं. ३१ जानेवारी २००१, यैझू शहराच्या वरच्या आकाशात जपान एअरलाइन्सचीच दोन विमानं, एक जंबो ७४७, एक डीसी-१०. कंट्रोलरला खाली आणायचं होतं डीसी-१० ला, तोंडातून नंबर गेला जंबोचा. जंबोच्या यंत्रानं सांगितलं वर जा, कॅप्टन कंट्रोलरचं ऐकून खालीच जात राहिला, आणि डीसी-१० चा कॅप्टन यंत्राचं ऐकून खाली आला. दोघंही खाली. शेवटच्या क्षणी समोर बघून जंबो अजून खाली दाबलं म्हणून वाचले. दोन्हींत मिळून ६७७ जण होते. कुणी मेलं नाही, पण साधारण शंभर जण जखमी झाले.

शर्वरी_पुणेनाका
जखमी कसे झाले मग, धडक झालीच नाही तर?

अक्कलकोटचा_एफओ
बेल्ट, ताई. विमान एकदम खाली दाबलं की ज्यांनी बेल्ट लावला नाही ती माणसं छताला जाऊन आपटतात. जेवणाच्या ट्रॉल्या पण. म्हणून ‘सीटवर बसलाय तोवर बेल्ट लावून ठेवा’ असं आम्ही सांगतो ते खरंच मनापासून सांगतो.

मात्र आरए व्यवस्थित पाळला तर प्रवाशांना फार काही जाणवत पण नाही. मिनिटाला साधारण १५०० फूट चढणं किंवा उतरणं एवढंच असतं सुरुवातीला. गरज वाढली तर यंत्रच ‘इन्क्रीज क्लाइंब’ म्हणतं, तेव्हा २५००. स्क्रीनवर लाल आणि हिरवी पट्टी येते, लालमधून बाहेर पडून हिरव्यात जायचं, आणि हिरव्यातच राहायचं. घाबरून जास्त खेचलं तर वर १००० फुटांवर तिसरं विमान असू शकतं, ते पण लक्षात ठेवायला लागतं.

वैशाली_सैफुल
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून मला एक गोष्ट खटकते. ‘यंत्राचं डोळे झाकून ऐका’ हे वाक्यच मला पटत नाही. २०१८ ला इंडोनेशियात आणि २०१९ ला इथिओपियात ७३७ मॅक्स पडली, मिळून ३४६ माणसं गेली, तिथं तर यंत्रच विमानाचं नाक खाली दाबत होतं आणि माणसं वर ओढायचा प्रयत्न करत होती. तिथं यंत्राचं ऐकलं असतं तरी मेले असते. मग टीकॅसवर एवढा विश्वास कशाच्या जोरावर?

नवीपेठवाला
आता बोला! वैशालीताईंनी बरोबर अडचणीत आणलं.

अक्कलकोटचा_एफओ
वैशालीताई, प्रश्न अगदी रास्त आहे आणि आमच्यात पण यावर बोलणं होतं. माझं उत्तर असं.

मॅक्समध्ये ती सिस्टीम एकाच सेन्सरवर चालत होती, तो सेन्सर खोटं बोलला, आणि ती सिस्टीम आहे हेच पायलटना नीट सांगितलेलं नव्हतं. टीकॅसची गोष्ट वेगळी आहे. एक तर ते स्वतः विमान चालवत नाही, बोलतं, चालवतो मी. दुसरं, ते जे सांगतं ते दोन वेगवेगळ्या विमानांतल्या यंत्रांनी आपसात जुळवून सांगितलेलं असतं. तिसरं, आम्हाला त्याचं सिम्युलेटरवर ट्रेनिंग असतं, पुन्हा पुन्हा. आणि डोळे झाकून हे पण खरं नाही. क्रम ठरलेला आहे. स्टॉलचा इशारा आला, म्हणजे विमान हवेत टिकणारच नाही अशी वेळ, तर तो आधी. जमीन जवळ आली असा इशारा आला तर तो आधी. त्यांच्याखाली टीकॅस. आणि टीकॅसच्या खाली कंट्रोलर. डोंगर आणि विमान दोन्ही समोर असतील तर आधी डोंगर टाळायचा.

काही नव्या एअरबसमध्ये मात्र ऑटोपायलटच आरए पाळतो, ए३८० पासून ही सोय आली. पायलट तेव्हा फक्त लक्ष ठेवतो. ते तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही.

वैशाली_सैफुल
क्रमाचं माहीत नव्हतं, ते ऐकून बरं वाटलं. ऑटोपायलटबद्दल माझी शंका कायम आहे, पण ज्या कामात माणूस दचकून उशीर करतो ते काम त्याला दिलेलं एक वेळ समजू शकते.

रडारमामा
उशिराचं गणित मांडतो, मुलांना पण सांगण्यासारखं आहे. समोरासमोर येणारी दोन जेट, प्रत्येकी ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे जवळ यायचा वेग १८००. सेकंदाला अर्धा किलोमीटर. मोठ्या उंचीवर आरए साधारण ३५ सेकंद आधी येतो, म्हणजे तेव्हा मधलं अंतर साडेसतरा किलोमीटर. डोळ्यांना ठिपका पण दिसेल न दिसेल. पायलटनं ५ सेकंदांत सुरुवात करावी असं गृहीत धरलंय. त्यानं अजून पाच सेकंद ‘खरंच का, कुठं दिसतंय का’ असा विचार केला तर अडीच किलोमीटर गेले, आणि सेकंदाला २५ फूट धरले तर सव्वाशे फुटांचं अंतर हातचं गेलं. हुकूम मध्येच उलटा झाला तर सुरुवात करायला फक्त अडीच सेकंद.

बाहेर बघून ठरवणं तर धोक्याचंच. रात्री दुसऱ्या विमानाचे दिवे बघून ते वर आहे का खाली हे माणसाला नीट सांगता येत नाही. भलतंच विमान दिसतं आणि वाटतं हेच ते.

गच्चीवरून
रात्रीचं खरंय. आमच्या विजापूर रोडच्या गच्चीवरून मुंबई-हैदराबादची विमानं जाताना दिसतात, दोन दिवे एकमेकांत घुसतायत असं वाटतं आणि अ‍ॅपवर बघावं तर मध्ये दोन हजार फूट असतात. बायको म्हणते तुम्हाला झोप नाही का. आता सोलापुरातून गोवा-मुंबई विमानं सुरू झाल्यापासून तर सकाळी चहा पण गच्चीवरच.

नवीपेठवाला
विमान सुरू झालं हेच लई झालं. किती वर्षं वाट बघितली. विमानतळाच्या आड येणाऱ्या त्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून तर घराघरांत भांडणं लागली होती.

शेंगाचटणी
चिमणीचा विषय निघाला, आता धागा संपला.

दत्ता_हातमाग
चिमणी होती तेव्हा माझा भाऊ कारखान्याकडून बोलायचा आणि मी विमानाकडून. जून २०२३ ला पाडली त्या दिवशी दोघंही गप्प होतो. शेतकऱ्याला कारखाना पण पाहिजे आणि गावाला विमान पण. ते जाऊ द्या. माझा प्रश्न असा की चिमणी, टॉवर, डोंगर यांच्यापासून हे टीकॅस वाचवतं का?

अक्कलकोटचा_एफओ
नाही दत्ताकाका. त्याच्यासाठी जमिनीचा इशारा देणारं वेगळं यंत्र असतं. टीकॅसला फक्त ट्रान्सपॉन्डर चालू असलेलं विमान कळतं. पक्षी, पतंग, ड्रोन काहीच नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आकाश पतंगांनी भरलेलं असतं ना, त्यातला एकही त्याला दिसणार नाही.

ट्रान्सपॉन्डर बंद असेल तर अख्खं विमान पण दिसत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर गोल नावाच्या कंपनीचं ७३७ आणि एक छोटं बिझनेस जेट एकाच उंचीवर समोरासमोर आले. त्या जेटचा ट्रान्सपॉन्डर सिग्नल देत नव्हता आणि त्यांच्या लक्षात आलं नाही. दोन्हीकडं टीकॅस होतं, दोन्हीकडं शांतता. ७३७ मधले १५४ गेले, छोटं जेट पंखाचं टोक तुटलेलं असताना उतरलं.

शर्वरी_पुणेनाका
आणि जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला हेलिकॉप्टर आणि विमान धडकलं, ६७ गेले, तिथं का नाही वाचवलं?

रडारमामा
तिथं ते उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात होतं, ३०० फुटांच्या आसपास. ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकू आलं होतं, साधारण २० सेकंद आधी. पण जमिनीपासून साधारण १००० फुटांखाली यंत्र चढ-उतरचा हुकूम देतच नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. इतक्या खाली ‘डिसेंड’ म्हणणं म्हणजे जमिनीत घालणं, आणि धावपट्टीजवळ विमानं जवळजवळच असतात, सारखं ओरडत राहिलं तर कुणी ऐकणार नाही. नवी पिढी येते आहे, एसीएएस एक्स म्हणून, तिच्यात खोटे इशारे कमी करायचा प्रयत्न आहे. खालच्या उंचीवर मात्र आजही भरवसा कंट्रोलर आणि पायलटच्या डोळ्यांवरच.

होटगीरोडकर
आबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, आपल्याकडं कधी असं झालं होतं का.

रडारमामा
झालं होतं, आणि जगातली आकाशातली सगळ्यात मोठी धडक आपल्याच देशात झाली. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणात चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं जंबो वर चढत होतं, त्याला १४,००० फुटांची परवानगी. कझाकिस्तानचं इल्यूशिन ७६ दिल्लीला उतरायला येत होतं, त्याला १५,००० वर थांबायला सांगितलेलं. ते १५,००० सोडून खाली आलं. ३४९ माणसं, एकही वाचलं नाही. दोन्हींत टीकॅस नव्हतं. दिल्लीला तेव्हा जायला यायला एकच रस्ता होता कारण बाकीचं आकाश हवाई दलाकडं, आणि कंट्रोलरच्या रडारवर विमान दिसायचं पण त्याची उंची दिसायची नाही, पायलट सांगेल तीच खरी मानायची.

आबांना हे मुद्दाम सांगा. त्या कंट्रोलरनं दोघांनाही बरोबर सूचना दिली होती. समोर दुसरं विमान आहे, किती अंतरावर आहे, हे पण सांगितलं होतं. त्याची काही चूक नव्हती. तरी ३४९ माणसं गेली, कारण एकदा चूक वर आकाशात झाली की खाली बसलेल्या माणसाकडं ती थांबवायला काही नव्हतं. त्या चौकशीनंतर आपल्या देशात येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीचं झालं. मी त्या काळात नोकरीत होतो. पुढं एखाद्या पायलटनं ‘टीकॅस आरए’ म्हटलं की माझ्या सूचनेला बाजूला सारलं म्हणून मला कधी अपमान वाटला नाही. उलट जीव भांड्यात पडायचा.

होटगीरोडकर
आबांनी ऐकलं. ते म्हणाले, ‘स्टँडवर मी गाडी सोडायचो, पण घाटात ब्रेक ड्रायव्हरच मारायचा, तेव्हा मला विचारत बसायचा नाही.’ म्हणजे पटलंय त्यांना. भाचा मात्र आता भाव खायलाय.

शेंगाचटणी
भाच्याला सांगा पास झाल्यावर सोलापूरवरून पहिल्या विमानात कडक भाकरी, शेंगाचटणी घेऊन सगळ्या धाग्याला घेऊन जायचं.

दत्ता_हातमाग
भाच्यासाठी एक प्रश्न. यंत्र म्हणालं वर जा, आणि विमानाचं एक इंजिनच बंद पडलेलं असेल, चढायला ताकदच नसेल, मग?

होटगीरोडकर
भाच्याला विचारलं. पाच मिनिटं पुस्तक चाळतोय. एफओसाहेब, तुम्हीच सांगा.

अक्कलकोटचा_एफओ
चांगला प्रश्न आहे, तोंडी परीक्षेत विचारतात. इंजिन गेलं की आम्ही टीकॅस ‘टीए ओन्ली’वर ठेवतो. मग ते मला ‘ट्रॅफिक’ एवढंच सांगतं, चढ-उतर सांगत नाही. समोरच्याच्या यंत्राला पण मग माझ्याशी जुळवून घ्यायचं नसतं, माझी उंची वाचून ते त्याच्या पायलटला एकट्यालाच हुकूम देतं आणि अंतर ठेवायचं सगळं काम तो करतो. मी माझं विमान सरळ उडवत राहायचं. भाच्याला म्हणावं हे आणि तो स्टॉल, जमीन, टीकॅस, कंट्रोलरचा क्रम, दोन्ही पाठ करून जा.